कंपाउंडलगतचा ‘तणाचा’ वाफा: कोल्हापुरातल्या एका कॉलनीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहराच्या दक्षिण अंगाला असलेल्या एका जुन्या कॉलनीतली ही गोष्ट. कॉलनीचं आणि माणसांची नावं देत नाही. त्यांनी तशी अट घातली होती आणि ती रास्तही आहे, कारण ही सगळी माणसं आजही एकमेकांच्या शेजारीच राहतात. मी बागांची आखणी आणि देखभाल यावर सल्ला देतो. या प्रकरणात मी ऑगस्ट २०२२ मध्ये पडलो.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं. कॉलनीत लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही बाईच. त्यांच्या कंपाउंडची भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद मातीचा पट्टा आहे. जागा लेआउटमधली, म्हणजे सगळ्या कॉलनीची. पण ज्याच्या दारासमोर जो पट्टा येईल त्याची निगा त्या घरानं करायची असा अलिखित रिवाज. बाकीच्या घरांसमोर ड्युरांटाचं कुंपण किंवा हिरवळ आहे, दोन-तीन ठिकाणी सरळ पेव्हर ब्लॉक. बाईंच्या पट्ट्यातही ड्युरांटाच होता. २०२२ च्या उन्हाळ्यात ड्रेनेजच्या पाइपसाठी तो पट्टा कमरेइतका खणला गेला, काम झाल्यावर माती तशीच वर-खाली लोटून दिली आणि ड्युरांटा त्यातच गेला.

पुढे जे झालं त्याचं मूळ या खणण्यात आहे. जमिनीत तणांचं बी वर्षानुवर्षं पडून असतं. त्यातल्या बऱ्याच बियांना उजेड दिसला की जाग येते. खालची माती वर आली, वळवाचे दोन पाऊस झाले, जूनमध्ये मिरगाचा पाऊस लागला आणि पट्टा हिरवागार झाला. बाईंनी काही पेरलं नव्हतं. पण जुलैअखेर त्यात तेरड्याची पहिली गुलाबी फुलं दिसली आणि त्यांनी माळ्याला हात लावू दिला नाही. बाईंचं लहानपण पन्हाळ्याच्या बाजूच्या एका वाडीत गेलेलं. “हे मी बांधावर बघितलंय, चाळीस वर्षांनी दारात आलंय, राहू दे,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अडचण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॉलनीच्या समितीचं पत्र आलं. घरासमोरील पट्ट्यातील गवत व तण आठ दिवसांत काढून घ्यावे, न काढल्यास समिती काढेल व खर्च आपल्याकडून वसूल करेल, अशा अर्थाचं. सचिव म्हणजे बाईंच्या समोरच्याच घरातले गृहस्थ. तोंडावर गणपती आले होते, पाहुण्यारावळ्यांची ये-जा सुरू होणार होती. पत्रात तीन तक्रारी होत्या: डास होतात, साप-किरडू येईल आणि दिसायला ओंगळ दिसतं.

मी गेलो त्या दिवशी पाऊस नुकताच उघडला होता. गेटपाशी बाई, सचिव आणि बाईंचे माळी आण्णा असे तिघेही उभे होते. आण्णा करवीर तालुक्यातल्या एका गावचे, घरची दीड एकर ऊसशेती. शहरात चार घरी अर्धा-अर्धा दिवस काम करतात. त्यांनी मला आल्या आल्या सांगून टाकलं, “साहेब, मी बाईस्नी बोललोय, हे तण हाय. आमच्या रानात असलं माजलं तर माणसं नावं ठेवत्यात.”

मी खाली बसून मोजायला लागलो. तेरडा साठ-सत्तर रोपं, गुडघ्याएवढा. त्याच्या मागे कुर्डू, तुरे अजून यायचे होते. भिंतीकडेला टाकळा आणि आघाड्याची तीन-चार झुडपं. पुढच्या कडेला एकदांडी, जिला आपण दगडी पाला म्हणतो. सगळीकडे पसरलेला केना, त्याची निळी फुलं दुपार व्हायच्या आत मिटलेली. आणि या सगळ्यात मिसळलेलं गाजर गवत, जवळजवळ एक तृतीयांश, काही रोपांना पांढरी फुलं धरलेली.

इथे माझ्या लक्षात आलं की भांडण एका शब्दावर चाललंय. बाई ज्यांना ‘रानफुलं’ म्हणत होत्या त्यात गाजर गवतही होतं, आणि सचिव ज्याला ‘तण’ म्हणत होते त्यात तेरडाही होता. दोघांपैकी कुणीही पट्ट्यात उतरून बघितलं नव्हतं. गाजर गवत ठेवण्याच्या बाजूनं मी एक अक्षरही बोलणार नव्हतो. १९५० च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं हे अमेरिकेतलं झाड आज देशभर पसरलंय, एक रोप हजारो बिया टाकतं, आणि अनेकांना त्याच्या नुसत्या स्पर्शानं अंगावर खाजरे चट्टे उठतात. सचिवांच्या आईंना हातावर तसे चट्टे उठले होते, हे त्यांनी तिथेच सांगितलं. तक्रारपत्रात ते कुठेच नव्हतं.

समोरचे पर्याय

त्या दिवशी गेटपाशी उभ्याउभ्याच चार वाटा निघाल्या.

सचिवांची: सगळं उपटा, पेव्हर ब्लॉक टाका. खर्च एकदाच, कटकट संपली. पण पट्ट्याखालून नुकताच पाइप गेलेला, पुन्हा खणायची वेळ आली तर ब्लॉक उचलावे लागणार; शिवाय रस्त्याचं पाणी आज त्या मातीत मुरतंय, ते थेट गेटसमोर साठणार. ही बाजू मी मांडल्यावर सचिव फारसे बोलले नाहीत.

बाईंची: काहीच करू नका, जे येईल ते येऊ दे. ऐकायला सुंदर. पण खणलेल्या मातीत ‘जे येईल ते’ म्हणजे दुसऱ्या वर्षी निम्मं गाजर गवत आणि तिसऱ्या वर्षी बाकी हराळी (दूर्वांचं गवत), हे मी दहा ठिकाणी पाहिलेलं आहे. बाईंना ते पटायला वेळ लागला.

बाईंच्या मुलाची, फोनवरून: रानफुलांच्या बियांचं मिश्र पाकीट मिळतं, ते आणून टाका. अशा पाकिटांत बहुतेक कॉसमॉस, झेंडूच्या जाती आणि परदेशी फुलंच भरलेली असतात. पिवळा कॉसमॉस तर आपल्याकडे बागांतून सुटून माळरानांवर पसरलेला आहे. तण म्हणून तक्रार आलेल्या पट्ट्यात आणखी एक पसरणारं झाड आपल्या हातानं सोडायचं, हे मला मंजूर नव्हतं.

चौथी माझी. आपल्याकडे शेतात ज्याला भांगलण म्हणतात तीच करायची, पण निवडून. काय ठेवायचं ते आधी ठरवायचं आणि बाकीचं दर पंधरा दिवसांनी काढायचं. मी बाईंना तिथेच स्पष्ट सांगितलं की यात ड्युरांटाच्या कुंपणापेक्षा जास्त मेहनत आहे. ड्युरांटा महिन्यातून एकदा कापला की झालं. हा वाफा रोज बघावा लागेल.

पाचवी एक वाट बाईंच्या मनात होती, ती नंतर चहा घेताना बाहेर आली: मसाई पठारावरून किंवा कासवरून थोडं बी आणता येईल का? पठारावरची पिवळी सोनकी, जांभळी सीतेची आसवं त्यांना हवी होती. याला मी नाही म्हटलं, दोन कारणांनी. राखीव जागेतून, राधानगरीसारख्या अभयारण्यातून काही उचलणं हा गुन्हा आहे, तो प्रश्नच मिटला. दुसरं कारण बागेचं. पठारावरची ती फुलं कातळावरच्या बोटभर मातीत जगतात. पावसात पाणी साठलेलं, एरवी कोरडं ठाक, आणि खताचा अंश नाही. त्यांना तिथे कुणी स्पर्धक नसतो म्हणून ती तिथे आहेत. सीतेची आसवं तर अगदी बारीक जीव पकडून आपली भूक भागवतात, इतकी ती माती गरीब. कोल्हापूरच्या काळ्या मातीत त्यांना गवत चार दिवसांत गिळतं. पठारावर जी नजर भरून पाहायची ती तिथेच जाऊन पाहावी.

काय ठेवायचं, काय नाही

हा पहिला खरा निर्णय. त्यात आमच्या दोन दुपारी गेल्या.

तेरडा आणि कुर्डू हे वाफ्याचे मानकरी, त्यावर वाद नव्हता. तेरडा ऑगस्ट-सप्टेंबर सांभाळतो आणि तो थकायला लागला की कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे दिवाळीपर्यंत उभे राहतात. टाकळा मला हवा होता, बाईंना नको. त्याचा वास उग्र. पण लहान पिवळी फुलपाखरं त्याच्या पानांवर अंडी घालतात, हे मी एक पान उलटून दाखवलं. पांढरट, तांदळाच्या कणीहून बारीक, टोकदार उभं अंडं. टाकळा राहिला, पण भिंतीकडेला. आघाड्याचं एकच झुडूप ठेवलं, तेही मागे, कारण त्याच्या कुसळांसारख्या बिया धोतराला-साडीला चिकटतात. मात्र गणपतीच्या पत्रीला आघाडा लागतो, तो दारात असलेला बरा. एकदांडी मूळची आपली नाही, अमेरिकेतलीच. पण ती वर्षभर फुलते, मधमाश्या आणि फुलपाखरं तिच्यावर सतत असतात, आणि उन्हाळ्यात जेव्हा बाकी वाफा तपकिरी होतो तेव्हा हिरवं असं तेवढंच उरतं. देशी-विदेशीचा सोवळेपणा मी इथे थोडा सैल सोडला. कुणी हरकत घेतली तर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

धोतरा आणि कळलावी दोन्ही बाद. समोर शाळेच्या रिक्षा थांबतात, पोरं काहीही तोडून तोंडात घालतात, आणि दोन्ही झाडं विषारी. रुईवर थोडी चर्चा झाली, पण तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते, म्हणून तीही नको.

केन्यावर मात्र माझा अंदाज चुकला. ‘उपटून टाकू’ असं मी सहज म्हणून गेलो.

पहिला पावसाळा: तीन चुका

गाजर गवत आम्ही तीन दिवसांत काढलं, हातमोजे घालून, फुलं न धरलेली रोपं आधी आणि फुललेली नंतर पोत्यात भरून. ते सचिवांच्या समोर झालं हे बरं झालं. पत्रातली मुदत त्यांनी गणपती होईपर्यंत वाढवली.

डासांच्या तक्रारीवर मी सचिवांनाच बरोबर घेऊन कंपाउंड फिरलो. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, पानांत नाही. बाईंच्या तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत अळ्या सापडल्या, आणि सचिवांच्या पार्किंगमागे पडलेल्या टायरमध्ये त्याहून जास्त. दाट झाडोऱ्याच्या सावलीत डास दिवसा बसून राहतात, हे मात्र खरं. म्हणून वाफा भिंतीला चिकटून न ठेवता मध्ये दीड फूट मोकळी पट्टी सोडायची असं ठरलं. सापाच्या भीतीलाही तेच उत्तर होतं: मोकळी पट्टी, गुडघ्यापेक्षा उंच काही नाही, आणि कोपऱ्यात साठलेला पालापाचोळा उचलायचा, कारण तिथे उंदीर राहतात आणि उंदरामागे साप येतो.

मग चुका. पहिली आण्णांची, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ‘बाईंचा वाफा चांगला झाला पाहिजे’ म्हणून त्यांनी एका सकाळी शेणखताची चार घमेली पसरली. तेरड्याला काही फरक पडला नाही. केना आणि हराळी मात्र दुपटीनं माजली. खत न घालणं ही सुद्धा सूचना असते आणि ती द्यावी लागते, हे मी विसरलो होतो.

दुसरी चूक केन्याची. आम्ही तो ओढून काढला आणि पंधरा दिवसांत तो जसाच्या तसा परत आला. एक दिवस आण्णांनी खुरप्यानं एक बुंधा मातीसकट उचलला, पाण्यात बुचकळला आणि माझ्यासमोर धरला. मुळांमध्ये पांढऱ्या दोऱ्यासारखे कोंब आणि त्यांच्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीएवढ्या फिक्या गाठी. केना जमिनीवर निळी फुलं देतो, पण त्याला जमिनीखालीही न उमलणारी फुलं लागतात आणि तिथेच बी धरतं. वरून ओढला की ही गाठ मातीत राहते. शिवाय तुटलेल्या कांडीला ओलीत मुळं फुटतात, आणि आम्ही उपटलेला केना वाफ्याच्याच कडेला टाकत होतो. आण्णा म्हणाले, “मला वाटलं तुम्हास्नी म्हाईत असंल.” मला माहीत नव्हतं. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक मी वाचलंय, पण भांगलण आयुष्यभर आण्णांनी केलीय. त्यानंतर निर्णय उलटवला: केना समूळ काढायचा नाद सोडायचा, खुरप्यानं फक्त तेरड्याच्या पायथ्याचा काढायचा आणि पुढच्या कडेला ओळीनं राहू द्यायचा. दूर टाकलेला केना बाईंच्या शेजारच्या म्हशीवाल्यांनी आनंदानं नेला.

तिसरी चूक दिसण्याची. ऑक्टोबरात कुर्डू उभा, तेरडा वाळून आडवा, कडा पसरलेली. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते ओंगळच वाटणार, मलाही वाटलं. बागेत काही मुद्दाम ठेवलंय हे लोकांना कडेवरून कळतं. कड सरळ असली की आतला पसारा खपतो. बांधकामातून उरलेले काळ्या दगडाचे तुकडे बाईंच्या मागच्या अंगणात पडलेले होते. ते रस्त्याच्या बाजूनं एका ओळीत बसवले आणि दगडांच्या बाहेर एकही पान जाऊ द्यायचं नाही असा नियम केला. मध्ये दोन ठिकाणी फरशीचे पाय ठेवायला तुकडे. बाईंनी शाळेतल्या सवयीनं पत्र्याच्या पाट्यांवर सुबक अक्षरात नावं लिहिली: तेरडा, कुर्डू, टाकळा, आघाडा. खाली बारीक अक्षरात ‘कोवळ्या पानांची भाजी होते’ असं कुर्डू आणि टाकळ्याच्या पाटीवर. वास्तविक मला पाट्या बाळबोध वाटल्या होत्या. पण त्या लागल्यावर लोक थांबून वाचायला लागले, आणि गगनबावड्याकडच्या एका मावशींनी पुढच्या पावसाळ्यात कुर्डूची भाजी मागून नेली.

नमुन्याच्या कुंड्या

२०२३ च्या पावसाळ्याआधी घेतलेला हा निर्णय मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो. रोपं दोन पानांवर असताना तेरडा कुठला आणि काढायचं तण कुठलं, हे आण्णांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सगळ्यांचं नाही. म्हणून मे महिन्यात आठ छोट्या कुंड्या भरल्या, प्रत्येकीत एकेकाच झाडाचं बी टाकलं, रोज थोडं पाणी दिलं आणि कुंडीवर नाव लिहिलं. पाऊस लागेपर्यंत आमच्याकडे प्रत्येक झाडाचं बाळरूप समोर होतं. तेरड्याची पहिली दोन पानं गोल, जाडसर; त्यानंतरच्या पानाला करवतीचे दात. गाजर गवताचं तिसरं-चौथं पानच गाजरासारखं कातरायला लागतं. भांगलायला बसण्याआधी आण्णा कुंडी उचलून वाफ्याजवळ ठेवायचे आणि जुळवून काढायचे. पंधरा दिवसांत त्यांना कुंडीची गरज राहिली नाही.

वळवाच्या पावसानं उगवलेला पहिला उगवा सरसकट काढला, वापसा आल्यावर, म्हणजे माती भांगलण्याजोगी सुकल्यावर. तेरड्याचं बी, आदल्या वर्षी कागदाच्या पुडीत धरून ठेवलेलं, त्यानंतर फेकलं.

फवारणी

२०२३ चा पाऊस उशिरा आला आणि ऑगस्ट कोरडा गेला. देशभरातला तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या कोरड्या दिवसांत समितीनं फुटपाथच्या फटींतलं गवत मारायला एका माणसाकडून तणनाशक फवारून घेतलं. दुपारची वेळ, वारा होता. चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. वाफ्याच्या टोकाच्या सहा फुटांतला तेरडा जिलबीसारखा पिळवटलेला, खोडं वाकडी, पानं आत वळलेली. रुंद पानांची तणं मारणारं टू-फोर-डी पानांवर पडलं की असंच होतं. गवत त्याला फारसं जुमानत नाही. त्यामुळे महिन्याभरात त्या सहा फुटांत फक्त हराळी उरली. तण मारण्याच्या औषधानं तणच उरलं, फुलं गेली.

बाई चिडल्या होत्या आणि मीही. पण मी त्यांना तक्रारअर्ज करू नका असं सांगितलं. सचिव स्वतः बघायला आले, पिळवटलेल्या खोडाला हात लावून गप्प उभे राहिले. फवारणीवाल्यानं काय औषध आणलंय हे त्यांनी विचारलंच नव्हतं. पुढच्या बैठकीत समितीनं ठराव केला: बाईंच्या पट्ट्यासमोर फवारणी नाही, आणि पट्टा ‘देखभाल केलेला’ धरायचा, अट इतकीच की दगडांची कड पाळायची आणि गाजर गवत दिसता कामा नये. ती फवारणी झाली नसती तर असा ठराव आणखी दोन वर्षं झाला नसता असं मला वाटतं.

गौरी

आता मी जिथे सगळ्यात जास्त चुकलो ती जागा.

गौरी आवाहनाच्या दिवशी आपल्याकडे घरोघरी गौरीसाठी तेरड्याच्या डहाळ्या लागतात. आता त्या बाजारातून विकत आणाव्या लागतात. २१ सप्टेंबर २०२३ ला गौरी आल्या, त्या दिवशी सकाळी सचिवांच्या सूनबाई बाईंच्या गेटवर आल्या आणि अवघडून म्हणाल्या, “बाई, दोन डहाळ्या मिळतील का?” बाईंनी कात्रीनं कापून दिल्या. मागून आणखी पाच-सहा घरं आली. संध्याकाळी भाजी-भाकरीच्या नैवेद्याचं ताट बाईंकडे तीन घरांतून आलं. बाईंना काय वाटलं असेल हे मी सांगायची गरज नाही. मी मात्र याला प्रकरणाचा शेवट समजलो आणि तिथेच फसलो.

२०२४ मध्ये बातमी सगळ्या कॉलनीत पसरलेली. त्या जुलैत पाऊस इतका सलग झाला की पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आठवडेच्या आठवडे ऊन नाही, तेरडा उशिरा फुलला. गौरी मात्र त्या वर्षी १० सप्टेंबरला, आदल्या वर्षापेक्षा अकरा दिवस आधी, कारण २०२३ ला अधिक श्रावण होता. बाई त्या सकाळी स्वतःच्या घरच्या तयारीत. लोक आले, आणि अनेकांनी रोपं मुळासकट उपटून नेली, कारण काही घरांत मुळासकट लागतात. मी दोन दिवसांनी गेलो तर वाफ्यात शंभरावर तेरड्यांपैकी वीसएक उरलेले.

तेरड्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शानं फुटतं. पाच फाकळ्या गुंडाळल्या जातात आणि बिया दोन-तीन हात लांब उडतात. मी उरलेल्या झाडांची बोंडं चाचपून पाहिली. एकदोनच तडकली. बाकी हिरवी, कठीण. २०२३ ला कोरड्या ऑगस्टनं झाडं लवकर पिकली होती आणि गौरी उशिरा आल्या होत्या, त्यामुळे डहाळ्या जाण्याआधीच बी जमिनीवर पडलं होतं. २०२४ ला नेमकं उलटं. हे गणित मी आधी मांडायला हवं होतं. पंचांग भिंतीवर टांगलेलंच असतं.

परिणाम २०२५ च्या जूनमध्ये दिसला. तेरडा तीस-पस्तीस रोपं, विरळ. त्यांच्यामधल्या मोकळ्या मातीत गाजर गवत परत उगवलं, ठरावातली अट मोडण्याइतकं. जुलैत त्याच्या पानांवर राखाडी-पांढरे, काळ्या नक्षीचे भुंगेरे दिसले. हे मेक्सिकोतले भुंगेरे गाजर गवत खाण्यासाठीच १९८४ मध्ये भारतात आणून सोडले गेले. त्यांनी पानांची जाळी केली खरी, पण गणपतीच्या आत वाफा साफ करणं त्यांच्या भरवशावर ठेवता येत नव्हतं. आण्णांनी आणि बाईंच्या नातवानं हातमोजे घालून ते काढलं.

आजची स्थिती

चार पावसाळे झाले. कुर्डू, टाकळा, एकदांडी न सांगता येतात. टोकाचे सहा फूट अजून हराळीचेच आहेत. आम्ही ते तसेच सोडले, गणपतीला दूर्वा तिथूनच जातात. आण्णांचे पंधरा दिवसांनी दोन तास लागतात, जून ते सप्टेंबर. डिसेंबर ते मे वाफा तपकिरी असतो आणि त्यावरून दरवर्षी एक-दोघे बोलतात. वाळलेले तुरे फेब्रुवारीपर्यंत ठेवायचे असं मी सांगतो, मुनिया त्यांवर बसून बी टिपतात. बाई कधीकधी लोकांच्या बोलण्याला कंटाळून जानेवारीतच कापायला सांगतात. त्यावर मी आग्रह धरत नाही.

पेव्हर ब्लॉकचा प्रस्ताव गेल्या बैठकीत पुन्हा आला होता. या वेळी सचिवांनीच तो पुढे ढकलला.

पुन्हा करायचं तर

पहिली गोष्ट, पत्र येण्याआधीच कुणीतरी सचिवांना विचारायला हवं होतं की तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतोय. आईंच्या हातावरचे चट्टे हे खरं कारण होतं; डास आणि साप नंतर जोडले गेले. ते आधी कळलं असतं तर पत्र लिहायची वेळच आली नसती.

दुसरं, आण्णांना मी सूचना देत राहिलो, त्यांना विचारलं उशिरा. केन्याची जमिनीखालची गाठ त्यांना माहीत होती. नमुन्याच्या कुंड्या त्यांच्यासाठी केल्या असं मी म्हणत असे. खरं तर निम्म्या माझ्यासाठी होत्या.

तिसरं, सोनकीचा हट्ट. बाईंच्या आग्रहाखातर मी २०२३ ला जोतिबाच्या वाटेवरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून, त्याला विचारून, मूठभर बी आणलं आणि काळ्या मातीत टाकलं. चार रोपं उगवली, एकही फुललं नाही. तेव्हा ‘नाही’ म्हणायला हवं होतं.

आणि गौरीचं. २०२५ मध्ये ३१ ऑगस्टला गौरी होत्या, आणखी लवकर, आणि तेरडा आधीच विरळ. आठ दिवस आधी वाफ्याच्या मधोमध सुतळी बांधली. डावीकडचा भाग गौरीसाठी, फक्त कात्रीनं, मूळ राहू द्यायचं. उजवीकडे हात लावायचा नाही. बाईंनी पाटी लिहिली. मुळासकट ज्यांना हवा त्यांच्यासाठी जूनमध्येच दहा कुंड्यांत वेगळा तेरडा लावला होता, त्यातल्या सात गेल्या. सुतळीच्या उजवीकडे एकानंही हात घातला नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथली बोंडं तडकायला लागली तेव्हा बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उकिडव्या बसायच्या आणि एकेक बोंड हलकेच चिमटून बी तळहातावर घ्यायच्या. तीन पुड्या झाल्या. एक वाफ्याला, एक सचिवांच्या घरी, आणि तिसरीवर त्यांनी आण्णांच्या गावाचं नाव लिहून ठेवलंय. आण्णांना ते रानात टाकायचं नाहीये, दारात टाकायचंय.